कळसापुरती जागा

तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात अण्णा त्या कॉम्प्युटरला लावायचे. डोळे मिटून जरा वेळ तसेच थांबायचे. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणायचे, "आलाय ताप. पिशवी आण." आतून अक्का फ्रिजमधली दुधाची थंड पिशवी घेऊन यायच्या. अण्णा ती यंत्राच्या पाठीवर आडवी ठेवायचे आणि जमलेल्या आम्हा शेजाऱ्यांना तळहात दाखवून बजावायचे, "तडी. विचार करतंय ते."

तडी म्हणजे थांबा. आमच्या हुबळी-धारवाडकडं मराठी माणूससुद्धा थांबायचं झालं की कानडीतच थांबतो. आणि त्या यंत्रापुढं आम्ही इतके थांबलोय, की तेवढ्या वेळात कोपऱ्यावर पिंपळाचं बी टाकलं असतं तर त्याला पार बांधायची वेळ आली असती. पिशवीतल्या दुधाचं म्हणाल, तर अक्कांकडं दुपारी चहा मागितला की तो बासुंदीचा मिळायचा. खोटं वाटत असेल तर आमच्या सौ.ला विचारा, तिनं वर वेलदोडा मागून घेतलाय.

अण्णांचं नाव मी इथं देणार नाही. विसरलेलो नाही. न देण्याला कारण आहे, ते कारण मेमरीचं आहे, आणि ती मेमरी माझी नव्हे.

आम्ही नवनगरात राहायचो. हुबळीवाला नवनगरला धारवाडात ढकलतो, धारवाडवाला हुबळीत, आणि या ढकलाढकलीत नळाला पाणी कुठल्याच गावचं येत नाही. आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी अमरगोळच्या मार्केट यार्डात, वजनकाट्याच्या कचेरीत. अण्णा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन, म्हणजे कालव्यांचे आराखडे काढणारे. स्वतःच्या नावाचा त्यांना भारी सोस. दारावरच्या पितळी पाटीवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, डिप्लोमा, खातं, हुद्दा असं सगळं कोरलेलं, आणि पाटी मावावी म्हणून दाराची चौकट रुंद करून घेतलेली. पावसाळ्यात पोस्टमन ती पाटी वाचून संपवेपर्यंत पुढच्या घरांची टपालं भिजून लगदा व्हायची.

नव्वदीच्या सुरुवातीला हुबळीच्या एका प्रदर्शनात अण्णांनी हे यंत्र घेतलं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. एका अंगाला मौत का कुआं, दुसऱ्या अंगाला हातभर लांबीचे पापड, आणि मधल्या मांडवात टाय बांधलेला एक माणूस. 'घरोघरी कॉम्प्युटर' असं तो कानडी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत सारख्याच निर्लज्जपणे ओरडत होता. खोक्यावर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. आई यंत्रावर पाककृती बघतेय, बाप घरखर्च मांडतोय, मुलगी भूमिती करतेय, आणि तिघं एकाच वेळी. आता प्रत्यक्ष ऐका. त्या यंत्राला त्या आईच्या पाककृतीतली फोडणी लक्षात राहिली तर भाजी आठवायची नाही.

त्याला स्वतःचा पडदा नव्हता, घरचा टीव्ही जोडायचा. स्वतःची साठवण नव्हती, लिहिलेला प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर भरून ठेवायचा. वीज गेली की ते जन्मापासूनचं सगळं विसरायचं, आणि नवनगरात वीज जाते हे काय मी वेगळं सांगायला हवं? बटणं रबराची. एक अक्षर उमटवायला पुरणाचा गोळा दाबावा तसा अंगठा रेटावा लागायचा. बारकी इंग्रजी अक्षरं त्याच्याकडं नव्हतीच, सगळी मोठी. त्यामुळं साधी चूक दाखवतानाही ते अंगावर आल्यासारखं दाखवायचं.

पण माझं डोकं खरं फिरतं ते मागच्या खाचा आठवल्या की. पाठीला ओळीनं खाचा होत्या आणि प्रत्येकीवर नाव छापलेलं. टायवाल्यानं एकेकीवर बोट ठेवून सांगितलं, इथं प्रिंटर लागतो, इथं डिस्क लागते, इथं जादा मेमरीचा डबा. डबा सोबत दिला. बाकीचं पुढच्या महिन्यात येतंय म्हणाला.

अण्णांनी बरेच पुढचे महिने वाट पाहिली आणि शेवटी रजा टाकून बेंगळूर गाठलं. खोक्यावरच्या पत्त्यावर संगमरवरी फरशांचं दुकान होतं. तिथल्या वॉचमननं सांगितलं की कंपनी कधीच बंद पडली, आणि हुबळीच्या प्रदर्शनात आला होता तो गोदाम मोकळं करायला काढलेला माल. म्हणजे अण्णांनी यंत्र घेतलं तेव्हाच त्याचे आईबाप वारले होते आणि टायवाल्याला ते ठाऊक होतं. तुम्हीच सांगा, ही काय रीत झाली? डब्याची सोडून बाकीच्या खाचांत मी टॉर्च लावून बघितलंय. आत काही नव्हतं, नुसती प्लॅस्टिकची भिंत. माणसाला घर विकायचं, त्याला जिना दाखवायचा, जिन्यावर 'वरचा मजला' अशी पाटी लावायची, आणि वर चढला की डोकं छताला आपटायचं. मी असतो तर त्या टायवाल्याला यार्डातल्या काट्यावर बसवून, लाल मिरचीच्या पोत्यात घालून, हमालांकडून खच्चून शिवून घेतला असता.

मला वाटलं, आता यंत्र माळ्यावर जाणार. अण्णा रात्रभराच्या प्रवासानं आंबून आले, पायताण काढलं, सरळ यंत्राजवळ गेले आणि उलटा हात लावून म्हणाले, "पोरकं आहे हो ते. त्याचा काय दोष?"

झालं. त्या दिवसापासून यंत्र नवनगरच्या डोक्यावर बसलं.

कॅसेटवरचा प्रोग्राम आत घेताना टेपरेकॉर्डर असा किंचाळायचा की कोपऱ्यावरची कुत्री माना वर करून साथ धरायची. त्या वेळात शेजारी कुणी मिक्सर लावला तर विजेला हिसका बसून सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग भिंतीपलीकडून हाक यायची, "वहिनी, चटणी नंतर!" आमच्या घरात त्या काळात शेंगदाण्याची चटणी कुणी सलग वाटलेली खाल्ली नाही, दाणे अख्खेच यायचे. एकदा घाईत अण्णांनी अक्कांच्या भजनांची कॅसेट घातली. यंत्रानं ती शेवटच्या आरतीपर्यंत निमूट ऐकली आणि मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की यात चूक आहे. अक्कांनी त्या दिवशी दुधाची पिशवी दिली नाही.

आणि तो जादा मेमरीचा डबा. एवढी एकच खाच खरी निघाली, ती पण ढिली. डबा जरा हलला की यंत्राला भोवळ यायची आणि सगळं पुसायचं. अण्णांनी तो अक्कांच्या भरतकामाच्या रेशमानं करकचून बांधून टाकला होता, तरी जमिनीचा हादरा त्याला सहन व्हायचा नाही. आता माझ्या अंगाची कल्पना तुम्हाला नाही. यार्डात राहून मी कधी काट्यावर उभा राहिलो नाही, काट्याची अब्रू राहावी म्हणून. मी अण्णांच्या घरात पाऊल टाकलं की आत यंत्र बेशुद्ध. शेवटी माझी खुर्ची उंबऱ्याबाहेर कायमची मांडली गेली. पुढचं जे सांगतोय ते सगळं मी त्या उंबऱ्यावरून पाहिलेलं आहे.

आता अक्का. कसुतीत त्यांचा हात धरणारी बाई हुबळीपासून धारवाडपलीकडच्या केलगेरीपर्यंत नव्हती. कसुती म्हणजे आमच्याकडचं भरतकाम. कापडावर आधी काही छापायचं नाही, काढायचं नाही. कापडाचे धागे मोजत सुई चालवायची. जाताना एक टाका सोडून एक घालायचा आणि त्याच वाटेनं परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. गाठ कुठंही मारायची नाही. पदर उलटा केला तर उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसली पाहिजे.

अक्कांच्या आईची एक चंद्रकळा होती. काळी इरकल, आणि पदरावर देवळाचं गोपुर, खालून वर मजल्यावर मजले आणि शेंड्याला कळस. ती साडी घडीघडीवर फाटत आली होती. अक्कांचा बेत असा की तेच गोपुर नव्या चंद्रकळेवर भरायचं आणि वीणाच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीच्या अंगावर लग्नात ती घालायची. आणि नेमकं तेव्हाच अक्कांच्या डोळ्यांचं दुखणं उपटलं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं दिसणंही हळूहळू जाईल. समोरचा माणूस ओळखू यायचा, पण काळ्या कापडाचे धागे दिसेनात. वीणाचं लग्न ठरलं त्या संध्याकाळी अक्का मांडीवर नवी कोरी साडी घेऊन बसल्या होत्या आणि सुई हातातच होती.

"इरली बिडरी," त्या म्हणाल्या. असू द्या हो, असा त्याचा अर्थ, आणि अक्का हे शब्द जन्मभर फक्त दुसऱ्यांची समजूत काढायला वापरत आलेल्या. "विकतची घेऊ एखादी."

अण्णा ताडकन उठले. तुझ्या आईचं गोपुर दुकानात टांगून ठेवलंय काय, म्हणून त्यांनी अक्कांनाच झापलं. मग यंत्रावर हात ठेवून म्हणाले, "तू सांग. हे लक्षात ठेवेल. भरायला गल्लीतल्या बायका आहेत."

मी उंबऱ्यावर खोकलो. वीज गेली की ज्याला स्वतःचं काही आठवत नाही ते गोपुर लक्षात ठेवणार. पण मी नुसता खोकलो.

तुम्ही विचाराल, आराखडे काढण्यात जन्म गेलेला माणूस, त्यानं चौकटीच्या कागदावर गोपुर का नाही उतरवून दिलं? मी हेच विचारलं. अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी कांद्याऐवजी त्यांनाच तोललं. कागदावर गोपुर दिसतं, म्हणाले, पण सुई कुठून निघाली, कुठं वळली आणि कुठल्या वाटेनं परतली ते दिसत नाही. ते हिच्या बोटांत आहे. बोटांतलं बाहेर काढायचं तर एकेक टाका दिसला पाहिजे, एकापाठोपाठ एक.

आणि खरंच, यंत्र ते करायचं. बटण दाबलं की एक टाका. पुन्हा दाबलं की पुढचा. ते मुळात इतकं मंद होतं की एक टाका काढायला त्याला बाईच्या हाताइतकाच वेळ लागायचा. खोक्यावर छापलेल्या सगळ्या थापांत त्याची ही एक खरी लायकी छापायला ते चोर विसरले होते.

मग रोज कचेरीतून आल्यावर बैठक. अक्का डोळे मिटून हवेत बोटं चालवायच्या. वर, सोड, वर, उजवीकडं, सोड. अण्णा रबराची बटणं रेटायचे. वीणा चहा करायची, ती बासुंदी. एक मजला झाला की कॅसेटवर भरायचा. आणि एका संध्याकाळी, मजला पुरा झाला होता, कॅसेट घालायचीच बाकी होती, तेवढ्यात मागच्या रस्त्यानं ट्रक गेला. डबा हलला. पडदा कोरा. अण्णा तडक बाहेर आले, दूर जाणाऱ्या ट्रकच्या दिव्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कुणीकडं चालला तो?"

"यार्डाकडं असेल. कांद्याची आवक आहे सध्या."

"तुमच्या कांद्यानं माझं गोपुर पाडलं," अण्णा म्हणाले, आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी तरी काय करणार? अख्ख्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना सांगू, की बाबांनो, कांदा डोक्यावरून हळूहळू आणा, आमच्या शेजारी देऊळ बांधकाम चाललंय?

याच सुमारास हुबळीचा एक कॉम्प्युटर क्लासवाला येऊन गेला. अण्णांनीच मोठ्या हौसेनं बोलावलं होतं, त्याच्याकडं प्रिंटरची काही सोय होईल म्हणून. तो उभ्या उभ्या हसला, बोटानं रबराचं एक बटण दाबलं आणि म्हणाला की हे खेळणं आहे, याला स्कोप नाही, भंगारात द्या. मी तिथंच त्याला आडवा जायला उठलो होतो, पण उठलो की हादरा बसतो म्हणून परत बसलो. अहो, त्या क्लासमध्ये काय होतं ते मला ठाऊक आहे. माझा भाचा तिथं जायचा. एक चकचकीत कॉम्प्युटर, त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण, आवरणावर हळदकुंकू, आणि आवरण काढायला मनाई. पोरं वहीत पेन्सिलीनं बटणं काढून त्यांच्यावर बोटं आपटायची. त्यानं आमच्या यंत्राला खेळणं म्हणावं? आमचं निदान तापायचं तरी.

अण्णा त्याला दारापर्यंत पोचवायला गेले, आणि जाताना त्याला दारावरची पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावली.

खरा घोटाळा पुढं झाला. अण्णा जन्मभर धरणं-कालव्यांच्या खात्यात. त्यांनी गोपुर इमारतीसारखं घेतलं होतं. तळमजला वेगळा, पहिला मजला वेगळा, प्रत्येकाचा वेगळा प्रोग्राम. मेमरी थोडी, म्हणून हाच मार्ग. आमची सौ. एका चिंधीवर नमुना भरायला बसली. तळमजल्यावर सुई गेली, परतली, धागा संपवला. मग पुढची कॅसेट, पुढचा मजला, नवी सुरुवात. झाल्यावर चिंधी अक्कांच्या हातात दिली. त्यांना दिसत नव्हतं, पण बघायचंही नव्हतं. त्यांनी चिंधी उलटी केली आणि नुसतं बोट फिरवलं. मजल्याच्या जोडावर बोट थांबलं.

"गाठ आहे."

सौ. म्हणाली, नवा धागा सुरू करायला मारली एक बारकीशी.

"धागा संपला तर नवा त्याच वाटेत गुंतवायचा. पण वाट एकच." अक्कांचा आवाज मी त्या दिवसापर्यंत एवढा चढलेला ऐकला नव्हता. "माझी आई सांगायची, कळसाला शिवल्याशिवाय सुई खाली यायची नाही. तुम्ही मजल्यामजल्यावरनं तिला मागं फिरवताय. हे गोपुर नव्हे, हे तुमच्या खात्याचं क्वार्टर आहे."

अण्णांनी कॅसेट बाहेर काढली. यंत्र तापतच होतं.

म्हणजे सगळं मोडून पुन्हा. तळापासून कळसापर्यंत एकाच दमात मावलं पाहिजे. आणि त्यात दोन अडचणी. मेमरी पुरायची नाही, आणि टीव्हीचा पडदा आडवा, गोपुर उभं. अण्णांनी तोड काढली. गोपुर पडद्यावर झोपवलं. तळ डाव्या हाताला, शेंडा उजव्या हाताला. पडद्यात मावलं. पण बायकांना ते मान कलती करून बघावं लागे. आमची सौ. घरी यायची ती खांद्याला कान टेकवूनच, आणि भाजीवाल्याला वाटायचं ही भाव कमी करायला लाडीगोडी करतेय.

तेव्हा अण्णांनी जुन्या लुगड्यांची जाड कौदी जमिनीवर अंथरली, गल्लीतल्या चार माणसांना बोलावलं, आणि टीव्ही उचलून एका कुशीवर निजवला. मी उंबऱ्यावरून सूचना दिल्या. टीव्ही झोपला आणि गोपुर उभं राहिलं. बायकांनी हात जोडले, खोटं नाही सांगत. तो टीव्ही नंतर कित्येक महिने तसाच होता. रविवारची पौराणिक मालिका आम्ही सगळ्यांनी तिकडं आडवं पडून पाहिली. देव उभे दिसायचे पण आम्ही शेषशायी.

राहिला कळस.

पडद्यावरची सुई वर चढत शेवटच्या मजल्याच्या माथ्यापर्यंत यायची, आणि कळसाच्या पायाशी यंत्र ओरडायचं की मेमरी संपली. अण्णांनी प्रोग्राममधलं जे जे फुटकळ होतं ते काढलं. टाक्यागणिक वाजणारा टुक आवाज काढला. चुका समजावून सांगणारी वाक्यं काढली. तरी कळस बाहेरच. लग्न तोंडावर आलेलं, साडीवर बायकांनी तळाची एक बाजू भरायला घेतलेली. सुई वर गेली होती आणि तिला वरून परत यायला वाट नव्हती.

त्या दुपारी सुट्टी होती. घरात अण्णा आणि अक्का दोघंच, आणि उंबऱ्यावर मी. प्रोग्राम सुरू झाला की पहिल्यांदा काय यायचं ते सांगायचं राहिलं. पडदाभर ताऱ्यांची चौकट यायची, आणि चौकटीत अण्णांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, डिप्लोमा, खातं, हुद्दा, नवनगर. दारावरची पाटीच ती, फक्त पितळेऐवजी उजेडाची. येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी बघावी लागायची, आणि ती उमटेपर्यंत "तडी, तडी" असं अण्णा अशा मायेनं म्हणायचे की वाटावं, खरा प्रोग्राम हाच, गोपुर आपलं मागाहून जोडलेलं.

अण्णांनी आधी तारे काढले. प्रोग्राम लावला. सुई कळसाच्या पायावर एक घर चढली आणि थांबली.

हुद्दा काढला. सुई आणखी थोडी चढली. नवनगर आणि खातं काढलं. मग आधी चष्मा पुसला आणि डिप्लोमा काढला. सुई कळसाच्या पोटात आली. वडिलांचं नाव आणि आडनाव गेलं, तेव्हा शेंडा एवढासाच राहिला होता. पडद्यावर त्यांचं नुसतं नाव उरलं, एकटं, कुठल्याही माणसाचं असावं तसं.

अक्का पलंगावर बसल्या होत्या. बटणांचा आवाज त्यांना येत होता. "काय पुसताय एवढं?" त्यांनी विचारलं.

"फालतू होतं काहीतरी," अण्णा म्हणाले, आणि राहिलेलं नाव पुसून टाकलं.

मग यंत्राला उलटा हात लावला. ताप होता. पण या खेपेला पिशवी मागितली नाही, हात तसाच ठेवला. सुई निघाली, मजले चढली, कळसाच्या टोकाला शिवली, आणि सोडलेल्या जागा भरत त्याच वाटेनं खाली आली.

"शिवली?" अक्कांनी विचारलं.

"शिवली."

वीणाच्या लग्नात ती चंद्रकळा सगळ्यांनी पाहिली. हुबळी-धारवाडच्या बायका पदर उलटा करकरून बघत होत्या आणि गाठ सापडत नव्हती. सगळ्यांनी अक्कांचं कौतुक केलं, भरणाऱ्या बायकांचं केलं, साडीच्या दुकानदाराचं केलं. एकानंही, एकाही गाढवानं, यंत्राचं किंवा अण्णांचं नाव काढलं नाही. मी पंगतीत ताट बाजूला सारून उठणार होतो. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात दाबला आणि वाढप्याला माझ्याकडं जिलबी आणायला सांगितलं. माझं तोंड बंद करायचा तो त्यांचा खात्रीचा उपाय.

अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर वीणा आणि जावई अक्कांना बेंगळूरला न्यायला आले. जावई तिथं सॉफ्टवेअरमध्ये, स्वभावानं चांगला. घर आवरताना त्याला माळ्यावर यंत्र सापडलं, कॅसेटही सापडली, आणि त्याला हसूच आवरेना. म्हणाला, काका, माझ्या मोबाइलची रिंगसुद्धा याच्यात मावणार नाही. रबराच्या बटणांचा त्यानं फोटो काढला. मी खुर्चीत बसलो होतो, उंबऱ्याबाहेर. बोलायला पुष्कळ होतं. तुझ्या बायकोच्या अंगावर काय होतं लग्नात, म्हणावं. मी जीभ दातांखाली धरली.

त्यानं सगळं जोडलं. डबा रेशमानं बांधलेलाच होता. पडद्यावर सगळं आडवं येईल म्हणून मी उंबऱ्यावरून हुकूम सोडला, टीव्ही कुशीवर निजव. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. वीणानं कौदी अंथरली. कॅसेट किंचाळायला लागली, आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडं आमच्या घरात चालू असलेला मिक्सर बंद झाला. सौ.ला कुणी हाक मारली नव्हती.

अक्का भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेल्या आणि दुधाची पिशवी घेऊन आल्या. चाचपडून यंत्राच्या पाठीवर ठेवली.

पडदा काळा झाला. पहिला टाका उमटला.

"अरे, सरळ सुरूच झालं?" जावई म्हणाला. "कुणी लिहिलाय हा? लिहिणारा माणूस पहिल्यांदा स्वतःचं नाव टाकतो. नाव कुठंय?"

आता मात्र मी उठलो. इतकी वर्षं छातीत दाबलेलं सगळं वर आलं, तो टायवाला, त्या खोट्या खाचा, तो हळदकुंकवाचा क्लासवाला, लग्नातली ती सगळी गाढवं, सगळे एकदम. मी श्वास भरला आणि पाय उंबऱ्याच्या आत उचलला.

अक्कांना दिसत नव्हतं. पण माझ्या खुर्चीचं कुरकुरणं त्यांच्या ओळखीचं होतं. पिशवीवरचा हात न काढता त्यांनी दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या दिशेनं धरला.

"तडी," त्या म्हणाल्या. "विचार करतंय ते."

पडद्यावर सुई मजले चढत होती. एक टाका घालत, एक सोडत. जावयाचं हसू थांबलं होतं, तो खाली कौदीवर बसला होता. सुई कळसाच्या टोकापर्यंत गेली, शिवली, वळली.

मी पाय हळूच मागं घेतला.